ताश्कंद पायी बघायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीन वाटा, लागणारी कागदपत्रं आणि कुठे चुका होतात ते

आपल्याकडची बरीच माणसं ताश्कंदला जातात ती एका रात्रीसाठी. दिल्लीहून विमान, रात्री हॉटेल, सकाळी फास्ट ट्रेन पकडून समरकंद, आणि परतीच्या दिवशी चोरसू बाजारात सुका मेवा घ्यायला दोन तास. पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं. टॅक्सीने पाच ठिकाणं केली, फोटो काढले, आणि घरी आल्यावर कुणी विचारलं की ताश्कंद कसंय तर मला काही सांगताच येईना, कारण शहर मी काचेतूनच बघितलं होतं. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले (वय 64, गुडघा अधूनमधून दुखतो) आणि चार दिवस फक्त ताश्कंदमध्येच राहिलो, सकाळी बाहेर पडायचं, मेट्रोने एका जागी उतरायचं आणि तिथून चालायचं. तेव्हा कुठे हे शहर कळलं आणि फार आवडलं. त्या वेळी जी माहिती शोधायला मला तीन-चार आठवडे लागले ती इथे एका जागी लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते. "ताश्कंदमध्ये जुनं काही राहिलं नाही, भूकंपात सगळं गेलं" हे तुम्हाला टूरवालेपण सांगतील. 26 एप्रिल 1966 च्या पहाटे भूकंप झाला, केंद्र थेट शहराच्या मध्याखाली होतं, लाखो लोक बेघर झाले आणि नंतर सोव्हिएत संघाच्या सगळ्या भागांतून कामगार येऊन नवं शहर उभं राहिलं, हे खरंच आहे. पण जुन्या शहराचे मोठे तुकडे अजून शिल्लक आहेत, फक्त ते मोठ्या रस्त्यावरून दिसत नाहीत. गल्लीत शिरावं लागतं.

1. आधी कागदपत्रं, यात आळस नको

हे सोबत ठेवा:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतरही किमान तीन महिने तरी व्हॅलिड असलेला (सहा असतील तर उत्तम)
- ई-व्हिसाची प्रिंट, दोन कॉपी
- हॉटेल बुकिंगची प्रिंट
- पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, रस्त्यात फिरताना खिशात
- ट्रॅव्हल इन्शुरन्स
- हॉटेलने दिलेली नोंदणीची चिठ्ठी (ही तिथे गेल्यावर मिळते, खाली सांगते)

ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो, एका एन्ट्रीचा 20 डॉलर, 30 दिवसांपर्यंत राहता येतं. तीन वर्किंग डेज लागतात असं म्हणतात पण मधे शनिवार-रविवार किंवा त्यांची सुट्टी आली तर लांबतं, म्हणून दहा-बारा दिवस आधी अर्ज करा. अर्ज सरकारी साईटवरच करायचा, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट यूझेड' असतं. हुबेहूब दिसणाऱ्या एजंटांच्या साईट सर्चमध्ये वरती येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं आणि तिथेच गडबड होते, एखाद्याच्या पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम' मध्ये जोडलेलं असतं आणि अर्जात राहून जातं. हे दोनदा तपासा.

आता नोंदणी. उझबेकिस्तानात परदेशी माणसाची राहण्याच्या जागी तीन दिवसांच्या आत नोंदणी व्हावी लागते. हॉटेल किंवा गेस्टहाऊस ते स्वतः करतं आणि छोटी छापील चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी निघेपर्यंत जपून ठेवायची. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर ही जबाबदारी मालकाची असते आणि ते टाळतात. आम्ही पहिले दोन दिवस ऑनलाइन बुक केलेल्या एका फ्लॅटमध्ये होतो, मालक रोज "उद्या करतो, उद्या करतो" म्हणत राहिला, शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी सामान उचलून आम्ही जुन्या शहरातल्या एका गेस्टहाऊसमध्ये गेलो आणि त्यांनी दहा मिनिटांत नोंदणी करून दिली. पैसे गेले ते गेलेच. म्हणून बुक करायच्या आधीच मेसेज करून विचारा की नोंदणी करून देणार का, आणि उत्तर लेखी घ्या.

2. पैसे, सिम आणि मॅप

चलन सोम. एका डॉलरला साधारण 12 हजार सोम मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यांनी डोकं गरगरतं. सोपा उपाय म्हणजे शेवटची तीन शून्यं मनातल्या मनात काढून टाकायची, तिथले लोकही तसंच बोलतात. डॉलर न्याल ते कोरे, घडी न पडलेले, शाईचा डाग नसलेले न्या, मळकी नोट बँक परत करते. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका.

सिम पासपोर्ट दाखवून मिळतं, एअरपोर्टवरच घेतलं तरी चालेल. मॅपसाठी आपल्या नेहमीच्या गूगलपेक्षा यांडेक्स मॅप्स किंवा टू-जीआयएस तिथे जास्त उपयोगी पडतं, इमारतीचं प्रवेशद्वार कुठल्या बाजूला आहे इतकं बारीक दाखवतं. ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करून जा. रस्त्यांची नावं मात्र गोंधळ घालतात, कारण स्वातंत्र्यानंतर बरीच नावं बदलली आणि वयस्कर माणसं अजून जुनीच सांगतात. म्हणून पत्ता विचारताना रस्त्याचं नाव न सांगता जवळचं मेट्रो स्टेशन किंवा बाजार सांगा, ते सगळ्यांना कळतं. टॅक्सी लागलीच तर यांडेक्स गो (आपल्या ओला-उबरसारखं ॲप) वरून, रस्त्यात हात करून थांबवलेल्या गाडीने नको.

3. कधी जायचं आणि रस्त्यावर कसं चालायचं

चालायचं असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या चाळीस दिवसांना तिथे चिल्ला म्हणतात, पारा 40 च्या वर जातो, विदर्भातल्या मे महिन्यासारखं कोरडं ऊन, त्यात पायी फिरायचं नावसुद्धा काढू नका. सप्टेंबर तर मी डोळे मिटून सुचवेन कारण तेव्हा खरबुजं, द्राक्षं आणि अंजिरं बाजारात ढिगाने असतात.

बूट वापरलेले, पायाला बसलेले घ्या. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात.

आणि अरिक. हा शब्द लक्षात ठेवा. रस्त्याच्या कडेने, फुटपाथ आणि झाडांच्या मधून पाण्याचे छोटे पाट वाहतात, त्यांना अरिक म्हणतात, आपल्या बागायतीतल्या पाटासारखेच पण सिमेंटचे, काही गुडघाभर खोल. झाडांना पाणी द्यायची ही फार जुनी सोय आहे आणि उन्हाळ्यात त्यानेच रस्ते गार राहतात. पण त्यांच्यावर सगळीकडे झाकणं नसतात. संध्याकाळी अंधार पडताना, मोबाईलमध्ये मॅप बघत चालताना पाय थेट आत जातो. आईचा गेला. नशीबाने फक्त घोटा खरचटला पण त्या दिवशीची बाकीची चाल तिथेच संपली. मॅप बघायचा तर उभं राहून बघा.

मोठे रस्ते सहा-आठ पदरी आहेत, मधूनच पळत जायचं नाही, जमिनीखालून जायला भुयारी रस्ता असतो, त्याला रशियनमध्ये पेरेखोद म्हणतात. नळाचं पाणी पिऊ नका, बाटली घ्या. टिश्यूचं पाकीट जवळ असू द्या, सार्वजनिक टॉयलेटला थोडे सुट्टे पैसे लागतात.

4. मेट्रो समजून घ्या, पुढचं सगळं सोपं होतं

ताश्कंदची मेट्रो 1977 साली सुरू झाली, मध्य आशियातली पहिली. 2018 पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता मोकळेपणाने काढता येतात. तिकीट आपल्या पंचवीस रुपयांच्या आतच, आणि बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला लावलं तरी चालतं. आत जाताना बॅग तपासतात, पोलिसांनी पासपोर्ट मागितला तर दाखवायचा, घाबरण्यासारखं काही नसतं.

तुम्हाला मुख्यतः निळी लाइन लागेल. तिच्यावर ओळीने चोरसू, गफूर गुलोम, अलिशेर नवाई, उझबेकिस्तान, कॉस्मोनावत्लार अशी स्टेशनं आहेत आणि मी खाली दिलेल्या तिन्ही वाटा याच लाइनवरून सुरू होतात. बाहेर पडायचा दरवाजा 'चिकिश', आत जायचा 'किरिश'. दरवाजे बंद होताना जी घोषणा होते तिची सुरुवात "एहतियोत" अशी होते, म्हणजे आपल्या हिंदीतलं एहतियात, आईला ते दुसऱ्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून ती प्रत्येक घोषणेकडे कान लावून बसायची.

पाख्ताकोर स्टेशनवर मुद्दाम उतरा (अलिशेर नवाईला जोडलेलंच आहे). पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. भिंतींवर कापसाच्या बोंडांची मोझाइक आहे. तिथेही कापसाला पांढरं सोनंच म्हणतात, ओक ओलतिन, शब्दाला शब्द तोच. आमचं आजोळ यवतमाळकडचं, आई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती.

5. पहिली वाट: चोरसूपासून हस्त इमामपर्यंत, जुन्या मोहल्ल्यांतून (साधारण अर्धा दिवस)

चोरसू म्हणजे चार सू, चार दिशांचा चौक. बाजाराचा निळा घुमट 1980 चा आहे, पण बाजार त्याच जागी शतकानुशतकं भरतोय. सगळे घुमटाखाली जातात, वरच्या गॅलरीत सुका मेवा बघतात आणि परत फिरतात. शाकाहारी असाल तर घुमटाखालचा तळमजला झटकन ओलांडा, तिथे मांस असतं. तुम्ही घुमटाच्या बाहेर, मागच्या बाजूला जा.

तिथे दोन गोष्टी थांबून बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे नानच्या भट्ट्या. मातीचा मोठा तंदूर, आत लाल निखारे, आणि नानवाला हातात गादीसारखा गोल पॅड घेऊन त्यावर पीठ थापून अर्धं अंग आत घालून भिंतीला चिकटवतो. त्याआधी नानच्या मधोमध तो एक ठसा मारतो, त्याला चेकिच म्हणतात, लाकडी मुठीला बारीक खिळे गोलात ठोकलेले असतात. त्याने मधे भोकं पडतात म्हणून तिथे नान फुगत नाही आणि नक्षीही उमटते. प्रत्येक भट्टीचा ठसा वेगळा. आम्ही दोन चेकिच विकत घेतले, आता आई घरी खारी पुरी टोचायला तेच वापरते.

दुसरं म्हणजे बेशिक, म्हणजे पाळणे. लाल-निळे रंगवलेले लाकडी पाळणे दुकानांबाहेर रचून ठेवलेले असतात. नीट बघितलंत तर गादीच्या मधे भोक असतं आणि सोबत लाकडाची एक छोटी नळी विकायला असते, मुलाची वेगळी आणि मुलीची वेगळी. बाळाची शू त्या नळीतून थेट खालच्या भांड्यात जाते, अंथरूण कोरडं राहतं. दुकानातल्या आजीबाईंनी बाहुली ठेवून ते सगळं करून दाखवलं, आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आमची, तरी सगळं समजलं.

बाजारातून वर बघितलं की टेकाडावर कुकलदाश मदरसा दिसतो, 16व्या शतकातला. आत अंगण आहे, भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या. शेजारीच खोजा अहरार यांच्या नावाची जुम्मा मशीद. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, त्या वेळी आत शिरू नका.

इथून उत्तरेकडे झरकायनार रस्ता पकडा. हस्त इमाम (जुन्या मशिदी-मदरशांचं आवार) दीड-दोन किलोमीटरवर आहे, पण या वाटेवर घाई करायची नाही, कारण खरं बघायचं ते इथेच. मुख्य रस्ता सोडून डाव्या-उजव्या गल्ल्यांत शिरा. दोन्ही बाजूंना मातीने लिंपलेल्या उंच भिंती, खिडक्या जवळपास नाहीतच, आणि मधेच कोरीव लाकडी दरवाजा. बाहेरून रुक्ष वाटतं, पण आपले जुने वाडे जसे, तोंड सगळं आतल्या चौकाकडे, तसंच हे. दरवाजा उघडा असला तर आत द्राक्षाचा मांडव, खांबांची ओसरी (तिला ऐवान म्हणतात), कुठे हौद, आणि हौदाला ते हौझच म्हणतात. मांडवाखाली बाजेसारखी एक मोठी लाकडी बैठक असते, सगळं घर तिच्यावर बसून चहा पितं.

काही पथ्यं पाळा. उघड्या दरवाजातून डोकावून फोटो काढू नका, ते माणसांचं घर आहे. कुणी दिसलं की उजवा हात छातीवर ठेवून "अस्सलोम अलैकुम" म्हणा. दहातल्या सहा वेळा पुढचा प्रश्न येतो, "हिंदिस्तोन?" आणि मान हलवली की राज कपूरचं नाव येतं, वयस्कर माणूस असेल तर गाण्याची ओळसुद्धा. आत बोलावलं तर जा, चहा घ्या. पियाला अर्धाच भरून देतात. अर्धा भरणं हा मान आहे, म्हणजे पाहुण्याला पुन्हापुन्हा वाढता येतं, तुम्ही बसा असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे आता निघा. निघताना पैसे देऊ नका, वाईट वाटतं त्यांना. आम्ही बॅगेत राजगिऱ्याच्या चिक्कीची पाकिटं ठेवली होती ती दिली.

गल्ली कधीकधी पुढे बंद असते. परत फिरायचं, एवढंच. मॅपवर जी वाट दिसते ती पाडकामामुळे बंद असू शकते, कारण बरेच जुने मोहल्ले पाडून नवीन बांधकामं चालू आहेत. मला याचं फार वाईट वाटतं आणि म्हणूनच सांगते, हे बघायचं असेल तर पुढच्या पाच-दहा वर्षांवर टाकू नका.

हस्त इमामला पोहोचल्यावर मोठं पटांगण, बराक खान मदरसा, 16व्या शतकातलं कफ्फाल शाशी यांचं समाधीस्थान. सगळे ग्रुप इथेच येतात त्यामुळे मी जास्त लिहीत नाही. मशिदीत जाताना बूट काढायचे, बायकांनी ओढणी डोक्यावर, गुडघे-खांदे झाकलेले.

6. दुसरी वाट: शेखानतौर, अंखोरचा काठ आणि भूकंपाचं स्मारक (तीन-चार तास)

ही माझी सगळ्यात आवडती. अलिशेर नवाई स्टेशनला उतरा, उत्तरेकडे चालत थोड्या अंतरावर इस्लामिक अकादमीचं आवार लागतं. त्या आवाराच्या आत तीन जुन्या समाध्या आहेत आणि तिथे पर्यटक जवळपास कुणीच नसतात. हे चालू शिक्षणसंस्थेचं आवार आहे, गेटवर गार्ड असतो, तो अडवू शकतो. पासपोर्ट दाखवा, हसून "युनुस खान, मकबरा" म्हणा, थांबा. आम्हाला पाच मिनिटं थांबवलं, मग एक विद्यार्थी सोबत दिला. कामाच्या दिवशी सकाळी जा.

युनुस खान कोण, तर बाबराच्या आईचे वडील. 1487 साली ताश्कंदमध्येच वारला. समाधी साधी आहे, विटांची, निळ्या टाइल्सचा झगमगाट नाही. पण जरा हिशोब लावा, युनुस खानाची मुलगी कुतलुग निगार, तिचा मुलगा बाबर, मग हुमायून, अकबर, जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब, ज्याची कबर आपल्या खुलताबादला आहे. जे घराणं आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन धडकलं त्याच्या एका पूर्वजाची ही जागा, आणि तिथे मी, आई आणि तो विद्यार्थी सोडून कुणी नव्हतं. शेजारी काल्दिरगोचबी नावाची समाधी आहे, तिला घुमटाऐवजी तंबूसारखं निमुळतं टोकदार छप्पर आहे, ताश्कंदमध्ये असं छप्पर सहसा दिसत नाही. तिसरी शेख खावेंदी ताहूर यांची, ज्यांच्यावरून भागाला शेखानतौर नाव पडलं.

तिथून पूर्वेकडे अब्दुल्ला कादिरी रस्त्याने चालत अंखोर कालवा गाठा. रशियन जनरल चेर्न्यायेवने 1865 मध्ये ताश्कंद घेतलं आणि नंतर या अंखोरच्या एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला रशियनांचं सरळ रस्त्यांचं नवं शहर अशी विभागणी झाली. पुलावर उभं राहिलं की दोन्हीकडचा फरक आजही जाणवतो. उन्हाळ्यात पोरं पुलावरून पाण्यात उड्या मारतात.

जवळच भूकंपाचं स्मारक आहे, 1976 मध्ये उभारलेलं. काळ्या दगडाचा एक ठोकळा, मधोमध चिरलेला, त्यावर घड्याळाचे काटे पहाटे पाच-तेवीसच्या सुमाराला थांबलेले. ती चीर जमिनीवरून पुढे जाते आणि एका कुटुंबाच्या पुतळ्यापर्यंत पोहोचते, बाई मुलाला कुशीत धरून, आणि पुरुष दोघांना आपल्या अंगाने झाकतोय, हात पुढे करून. चीर नेमकी त्यांच्या पायाशी संपते. गाडीतून ही चीर दिसतच नाही, पायी जाऊन तिच्यावरून चालावं लागतं. नवीन लग्न झालेली जोडपी इथे फुलं वाहायला येतात. आम्ही लातूर-किल्लारीच्या वेळी टीव्हीसमोर बसलेली माणसं, आम्हाला तिथे काही बोलता आलं नाही.

पाय चालत असतील तर अंखोरच्या काठाने तसंच उत्तरेला जा, झाडांची सावली आहे, पांढरी मिनोर मशीद लागते, 2014 ची, संध्याकाळच्या उजेडात छान दिसते. तिथून मिनोर मेट्रो स्टेशन, पण ते हिरव्या लाइनवर, निळ्या लाइनवर यायचं तर मिंग ओरिकला उतरून ओयबेकवरून गाडी बदलावी लागते.

7. तिसरी वाट: कॉस्मोनावत्लारपासून नव्या शहरात

कॉस्मोनावत्लार स्टेशन 1984 चं, त्याच वर्षी आपले राकेश शर्मा अंतराळात गेले होते. भिंती गडद निळ्या, आकाशासारख्या छटा बदलत जाणाऱ्या, गोल चौकटींत गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्या रांगेत 15व्या शतकातला समरकंदचा खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेग. दोन-तीन गाड्या सोडून द्या आणि फलाटावर इकडून तिकडे सावकाश चाला.

वर आल्यावर दहाएक मिनिटांवर उपयोजित कलांचं म्युझियम आहे. आतल्या वस्तूंइतकंच घर बघा. पोलोव्त्सेव्ह नावाच्या रशियन अधिकाऱ्याने स्थानिक कारागिरांकडून ते सजवून घेतलं होतं, भिंतींवर 'गंच' म्हणजे गिलाव्यातलं कोरीवकाम आणि छताचं एकेक लाकूड रंगवलेलं. छत बघायला मान दुखेल, बाकावर बसून बघा.

पुढे अमीर तेमूर चौकाकडे चालत या. चौकाजवळची घड्याळाची मनोरावजा इमारत 1947 ची. थोडं पुढे सायिलगोहच्या बाजूला विटांचा एक देखणा छोटा महाल, 1891 चा, निकोलाय कोन्स्तान्तिनोविच रोमानोव्हचा. घराण्यातले हिरे चोरल्याच्या आरोपावरून झारच्या कुटुंबाने त्याला दूर पाठवलं, शेवटी तो ताश्कंदला आला, आणि इथे स्वतःच्या पैशांनी माळरानात कालवे काढले. आत जाता येत नाही, कुंपणातून बघायचं. सरकारी इमारती आणि पोलिसांचे फोटो मात्र काढू नका.

परत येताना मान वर करून चाला. भूकंपानंतर बांधलेल्या साध्या चार-नऊ मजली सोसायट्यांच्या बिनखिडक्यांच्या भिंतींवर उंचच्या उंच मोझाइक आहेत, डाळिंबं, तारे, पक्षी, भौमितिक नक्षी. त्यातली बरीच झारस्की नावाच्या भावांची. यांची कुठे धड यादी नाही, तिकीट नाही, बाया खाली बाकावर गप्पा मारत बसलेल्या असतात आणि वर साठ फूट चित्र. चिलनझार भागात भरपूर सापडतात. वेळ असेल तर मॅपवर 'झेमचुग' शोधा, 1985 चा रहिवासी टॉवर, ओफेलिया आयदिनोवा या वास्तुरचनाकार बाईंनी काढलेला. प्रत्येक तीन मजल्यांवर एक सामायिक अंगण ठेवलंय, म्हणजे जुन्या मोहल्ल्यातला चौक उचलून वर नेलाय. पहिली वाट आधी केली असेल तर हे बघताना जास्त मजा येते, म्हणून वाटांचा क्रम बदलू नका.

8. शास्त्रीजींसाठी एक तास

10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, लालबहादूर शास्त्री इथेच गेले. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्यासोबत ताश्कंदमध्ये होते. शहरात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळा. मॅपवर 'शास्त्री' टाका, तिन्ही वाटांपासून बाजूला पडतं म्हणून इथे टॅक्सी केलीत तरी चालेल. फुलं बाजारातूनच घेऊन जा. कुणाला भेट द्यायची असतील तर फुलांची संख्या विषम ठेवायची पद्धत आहे, पण गेलेल्या माणसाला वाहायला जोडीने, सम संख्येत नेतात. फुलवालीला सांगितलं की ती बरोबर मोजून देते.

9. खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

इथे सगळ्यात मोठा घोटाळा शब्दांचा होतो. उझबेकमध्ये 'सब्झी' म्हणजे गाजर. तुम्ही "ओन्ली सब्जी" म्हणालात तर गाजर घातलेला पुलाव येईल, मांसासकट. 'गोश्तसिझ' हा शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. त्याने पण काम पूर्ण होत नाही, कारण रस्सा मांसाचाच असतो आणि भोपळ्याच्या सामशातसुद्धा (तंदूरमध्ये भाजलेला तिथला समोसा) मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात, तिला दुंबा म्हणतात. म्हणून "दुंबा योक?" म्हणजे दुंबा नाही ना, हे विचारा. पुलावातून मांस बाजूला काढून खायचा सल्ला लोक देतात, ज्यांना चालतं त्यांनी खावा, चरबी त्यातच शिजलेली असते हे लक्षात ठेवा.

आम्ही काय खाल्लं तर गरम नान, कातिक (आपलं दही), अच्चिक-चुचुक म्हणजे टोमॅटो-कांद्याची पातळ कोशिंबीर, अक्रोड, फळं, ग्रीन टी. कांद्याला पियोझ म्हणतात. सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी होती, नानवर चटणी फार छान लागते.

मांसाहारी असाल तर ताश्कंदचा पुलाव, ज्याला ओश म्हणतात, दुपारी एकच्या आत खा. सकाळी एकदाच मोठ्या कढईत होतो आणि दोननंतर संपतो. वरती काळपट चकत्या दिसल्या तर ते काझी, घोड्याचं मांस. नको असेल तर वाढायच्या आधीच "काझी योक" सांगा.

आणि नान टेबलावर उलटा ठेवू नका, जमिनीवर तर मुळीच नाही, हाताने तोडा, सुरीने कापू नका. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर जसं वाटतं तसं त्यांना वाटतं.

10. निघायच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी नोंदणीच्या सगळ्या चिठ्ठ्या, हॉटेल बदललं असेल तर दोन्हीकडच्या, पासपोर्टमध्ये ठेवून द्या. उरलेले सोम शहरातच बदला किंवा सुक्या मेव्यात संपवा, भारतात ते कुणी घेत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, फोनमधल्या अलार्मची वेळ नीट बघा, बरीच विमानं अडनिड्या वेळी असतात. नान घरी न्यायचे असतील तर संध्याकाळच्या भट्टीतले घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि प्लास्टिकमध्ये न घालता सुती कापडात गुंडाळा, केबिन बॅगेत सपाट ठेवा. आमचे पाच नान घरी चौथ्या दिवसापर्यंत टिकले, तव्यावर पाण्याचा हात फिरवून गरम करायचे.

काही अडलं तर विचारा, विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर कुठल्या वाटेवर किती पायऱ्या आहेत, कुठे बसायला बाक आहेत, ते मी सांगेन.